‘कॅन्सरवर रामबाण औषध सापडलं’: त्या व्हायरल बातमीचं पुढे काय झालं?

जून २०२२ मधली गोष्ट आठवतेय? फॅमिली ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता. ‘इतिहासात पहिल्यांदाच! अमेरिकेत १८ कॅन्सर पेशंटना एक औषध दिलं आणि १८ च्या १८ बरे झाले!’ खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

एरवी असे मेसेज खोटे निघतात. गोमूत्र, लक्ष्मणफळ, गरम लिंबूपाणी अशी यादी मोठी आहे. हा मेसेज मात्र खोटा नव्हता. तो अर्धवट होता. आणि घरात कॅन्सरचा पेशंट असेल तर अर्धवट बातमी कधी कधी खोट्या बातमीपेक्षा जास्त त्रास देते. कारण मग मुलगा डॉक्टरांना विचारतो, “ते अमेरिकेतलं औषध आईला का देत नाही?” आणि ओपीडीत बाहेर पन्नास पेशंट थांबलेले असताना त्याचं उत्तर दोन मिनिटांत देणं डॉक्टरांनाही जमत नाही.

ते उत्तर आपण सावकाश समजून घेऊ. कारण या बातमीचा पुढचा भाग २०२५ मध्ये आला, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी फॉरवर्ड केला नाही.

नेमकं काय झालं होतं?

न्यूयॉर्कमध्ये मेमोरियल स्लोन केटरिंग नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. तिथल्या डॉ. अँड्रिया सेर्सेक आणि डॉ. लुइस डियाझ यांच्या गटाने एक छोटी चाचणी सुरू केली. औषधाचं नाव डोस्टारलिमॅब. आजार होता गुदाशयाचा कॅन्सर, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातला. पेशंट दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्टेजचे होते. गाठ वाढलेली, पण शरीरात लांबवर पसरलेली नाही.

दर तीन आठवड्यांनी ५०० मिलिग्रॅमचा एक डोस, असं सहा महिने औषध दिलं. म्हणजे एकूण नऊ डोस. त्यानंतर गरजेनुसार रेडिएशन, केमो आणि ऑपरेशन करायचं असं ठरलेलं होतं.

तशी वेळच आली नाही. दुर्बिणीची तपासणी, एमआरआय, पेट स्कॅन, बोटाने केलेली तपासणी, बायोप्सी, कशातच गाठ सापडेना. ५ जून २०२२ ला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा शोधनिबंध आला. त्यात पूर्ण उपचार घेऊन किमान सहा महिने पाठपुरावा झालेले १२ पेशंट होते आणि बाराही जणांची गाठ गायब झालेली होती. बातम्यांमध्ये मात्र १८ हा आकडा आला.

१२ असोत की १८, कॅन्सरच्या चाचणीत शंभर टक्के हा आकडा कुणी सहसा बघत नाही. त्यामुळे डॉक्टरही चकित झाले, ते खरंच होतं.

ऑपरेशन टळलं, यात एवढं काय?

हे समजायला गुदाशय कुठे आहे ते बघा. खाली गुदद्वार, पुढे मूत्राशय, बायकांमध्ये गर्भाशय आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेट. सगळं अगदी दाटीवाटीने. तिथली गाठ काढायची म्हणजे आजूबाजूच्या नाजूक नसांना धक्का लागण्याची शक्यता आलीच.

गाठ फार खाली असेल तर गुदद्वार बंद करून पोटावर कायमची पिशवी लावावी लागते. शौच त्या पिशवीत जमा होतं. पिशवी टळली तरी अनेकांना दिवसातून कितीतरी वेळा शौचाला पळावं लागतं. लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो. रेडिएशनमुळे तरुण बाईची पाळी कायमची बंद होऊ शकते, म्हणजे मूल होण्याची वाटही बंद.

लोकलने विरार ते चर्चगेट रोज उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाला पोटावरची पिशवी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. जीव वाचतो, पण त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते. म्हणून ‘ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही आणि गाठही नाही’ हा निकाल मोठा होता.

मग औषधाने केलं तरी काय?

आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी तयार होतात. प्रत्येक वेळी पेशीला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. अब्जावधी अक्षरांचा तो मजकूर आहे. नक्कल करताना चुका होणारच.

छापखान्यात जसा मुद्रितशोधक असतो, तसा पेशीतही असतो. तो नक्कल वाचतो, चुकीचं अक्षर शोधतो आणि दुरुस्त करतो. या यंत्रणेला ‘मिसमॅच रिपेअर’ म्हणतात, थोडक्यात एमएमआर. तिचं काम मुख्यतः चार जनुकांवर चालतं: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२.

काही जणांच्या गाठीत हा मुद्रितशोधकच गैरहजर असतो. मग चुका साचत जातात आणि त्यातूनच कॅन्सर होतो. २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा गाठी तपासल्या. यंत्रणा शाबूत असलेल्या गाठीत सरासरी ७३ बदल सापडले. यंत्रणा बंद असलेल्या गाठीत सरासरी १,७८२!

आता यातली गंमत बघा. डीएनएमध्ये चुका म्हणजे चुकीची प्रथिनं. त्यांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर दिसतात. आपली रोगप्रतिकारशक्ती ते बघते आणि म्हणते, “हा आपला माणूस नाही.” म्हणजे इतक्या चुका असलेली गाठ लपूच शकत नाही. सैनिक पेशी तिच्याभोवती गोळाही झालेल्या असतात.

पण त्या हल्ला करत नाहीत. कारण सैनिक पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. हा ब्रेक निसर्गाने चांगल्यासाठीच दिलाय, नाहीतर प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर तुटून पडेल. कॅन्सरच्या पेशी नेमका तोच ब्रेक दाबून धरतात.

डोस्टारलिमॅब हा ब्रेक दाबू देत नाही. बस्स, एवढंच. औषध स्वतः गाठीला हातही लावत नाही. मारण्याचं काम आपल्याच पेशी करतात. ज्या बिघाडामुळे कॅन्सर झाला, त्याच बिघाडामुळे तो पकडला जातो.

हे एका रात्रीत सापडलं का?

अजिबात नाही. पीडी-१ चा शोध जपानच्या क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला, १९९२ मध्ये. तेव्हा त्याचा कॅन्सरशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. होंजो यांना नोबेल मिळालं २०१८ मध्ये, अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत.

मधल्या काळात एक कोडं पडलं होतं. ब्रेक सोडवणारी औषधं त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवर चालत होती, पण आतड्याच्या कॅन्सरवर जवळपास कुणालाच उपयोग होत नव्हता. सुरुवातीच्या चाचण्यांत आतड्याच्या कॅन्सरचा एकच पेशंट असा निघाला ज्याला जबरदस्त फायदा झाला. संशोधकांनी ‘एखादा अपवाद असतोच’ म्हणून फाइल बंद केली नाही. या एकातच काय वेगळं आहे, हे शोधलं. त्याच्या गाठीत मुद्रितशोधक गैरहजर होता.

त्यातून २०१५ चा अभ्यास झाला. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला एक वेगळीच मान्यता दिली. कॅन्सर कुठल्या अवयवाचा आहे हे बघू नका, गाठीत हा बिघाड आहे का ते बघा. अशी मान्यता पहिल्यांदाच मिळत होती.

न्यूयॉर्कच्या गटाने पुढचा प्रश्न विचारला. पसरलेल्या कॅन्सरवर हे चालतं, तर मग सगळे उपाय थकेपर्यंत थांबायचं कशाला? सुरुवातीलाच देऊन बघू या. २०२२ ची बातमी त्या प्रश्नाचं उत्तर होती.

मग सगळ्यांना हे औषध का देत नाहीत?

मेसेजमधून गळालेली ओळ इथे आहे. चाचणीतल्या सगळ्याच पेशंटच्या गाठीत एमएमआर यंत्रणा बंद होती. त्यांना तसं निवडूनच घेतलं होतं.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे पेशंट असतात साधारण ५ ते १० टक्के. म्हणजे शंभर जणांमध्ये पाच-दहा. बाकीच्या नव्वदहून अधिक लोकांच्या गाठीत मुद्रितशोधक कामावर हजर असतो. तिथे चुका कमी, म्हणून गाठ ओळखू येत नाही आणि सैनिक पेशी तिथे फिरकतच नाहीत. गाडीच उभी नसेल तर ब्रेक सोडून काय होणार?

म्हणून डॉक्टर “तुमच्या आईला याचा उपयोग नाही” म्हणाले, तर ते पैसे उकळण्यासाठी काही लपवत असतील असं नाही. बहुतेक वेळा त्यांच्यासमोर गाठीचा रिपोर्ट असतो. प्रश्न एवढाच, की ती तपासणी खरंच झाली आहे का? त्याकडे शेवटी येऊ.

२०२५ मध्ये काय कळलं?

एप्रिल २०२५ मध्ये याच गटाने याच नियतकालिकात पुढचा अहवाल दिला. आता ११७ पेशंट होते आणि त्यातल्या १०३ जणांचे उपचार पूर्ण झाले होते.

गुदाशयाच्या कॅन्सरचे ४९ पेशंट. पैकी ४९ जणांची गाठ गेली. एकालाही ऑपरेशन लागलं नाही. म्हणजे २०२२ चा निकाल योगायोग नव्हता.

यावेळी त्यांनी इतर अवयवांचे कॅन्सरही घेतले होते: मोठं आतडं, जठर, अन्ननलिका वगैरे. बिघाड तोच, जागा वेगळी. तिथे ५४ पैकी ३५ जणांची गाठ पूर्ण गेली, म्हणजे साधारण ६५ टक्के. त्यातल्या ३३ जणांनी ऑपरेशन न करण्याचं ठरवलं. दोन्ही गट मिळून ८२ जणांचं ऑपरेशन टळलं. सगळे पेशंट धरले तर दोन वर्षांनंतर आजार न उलटण्याचं प्रमाण ९२ टक्के होतं.

एक गोष्ट नजरेतून सुटू नये. बिघाड सारखाच असूनही गुदाशयात १०० टक्के आणि इतरत्र ६५ टक्के. म्हणजे ‘कुठल्याही कॅन्सरवर रामबाण’ हे वाक्य आजही चूकच आहे.

दुसऱ्या बाजूने नेदरलँड्समधूनही दुजोरा आला. तिथे डॉ. मिरियम शलाबी यांच्या गटाने हाच बिघाड असलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनच्या आधी काही आठवडे दोन इम्युनोथेरपी औषधं एकत्र दिली. २०२४ मध्ये निकाल आले. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासला तर ६८ टक्के पेशंटमध्ये एकही जिवंत कॅन्सर पेशी उरलेली नव्हती. औषध वेगळं, देश वेगळा, डॉक्टर वेगळे, निष्कर्ष मात्र एकाच दिशेचा. विज्ञानात अशा दुजोऱ्याला जास्त वजन असतं.

‘गाठ दिसत नाही’ म्हणजे ‘बरा झाला’ का?

दोन्ही एकच नाही. गाठ दिसत नाही म्हणजे आज उपलब्ध असलेल्या कुठल्याही तपासणीत ती सापडत नाही. म्हणून या पेशंटना ‘जा, मजा करा’ असं सांगून सोडत नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, पुन्हा एमआरआय, आणि हे वर्षानुवर्षं चालतं.

ऑपरेशन न करता असं लक्ष ठेवण्याची पद्धत जगापुढे ठामपणे मांडली ब्राझीलच्या डॉ. अँजेलिटा हब्र-गामा यांनी. रेडिएशन आणि केमोनेच गाठ गेलेल्या पेशंटवर त्यांनी हे करून दाखवलं आणि २००४ मध्ये त्याचे निकाल छापले. तेव्हा अनेक सर्जननी नाकं मुरडली. आज ही पद्धत जगभर मान्य आहे, पण एका अटीवर. पेशंटने तपासणीला न चुकता यायला हवं.

साइड इफेक्ट? या चाचणीत बहुतेकांना अंगावर पुरळ, खाज, थकवा असे सौम्य त्रास झाले. पण ब्रेक काढलेली प्रतिकारशक्ती कधी कधी थायरॉइड, आतडं, यकृत किंवा फुप्फुसावरही उलटते. त्यामुळे हे काही टॉनिक नाही.

घराण्याचा प्रश्न

काहींच्या गाठीत हा बिघाड वयानुसार होतो. काहींमध्ये तो जन्मतःच आई किंवा वडिलांकडून आलेला असतो. त्याला ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. अमेरिकन डॉक्टर हेन्री लिंच यांनी १९६० च्या दशकात अशा घराण्यांचा माग काढला. पण त्याची सुरुवात त्याहून जुनी आहे. १८९५ मध्ये मिशिगनमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं होतं, ‘आमच्या घरात सगळे कॅन्सरनेच जातात, मीही तशीच जाणार.’ ती खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली.

आपल्याकडे अशा घराला लोक काय म्हणतात? ‘शाप आहे’, ‘कुणीतरी करणी केली’. मग मुलींची लग्नं अडतील म्हणून आजार लपवला जातो.

हा शाप नाही, एका जनुकातला बदल आहे. आई किंवा वडिलांमध्ये तो असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. आणि तो आधी कळला तर साधारण विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून गाठ कॅन्सर होण्याआधीच काढता येते. म्हणजे पेशंटचा एक रिपोर्ट त्याच्या भावंडांचा आणि मुलांचाही जीव वाचवू शकतो. लपवल्याने त्यांचाच धोका वाढतो.

आणि पैसे?

२०२२ मध्ये अमेरिकेत या औषधाच्या एका डोसची किंमत साधारण ११ हजार डॉलर सांगितली गेली होती. नऊ डोस म्हणजे ९९ हजार डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले तर ८४ लाख रुपये. आयुष्मान भारत योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं आहे. पुढचं गणित सांगायची गरज नाही.

शेत विकून, दागिने गहाण ठेवून उपचार करणाऱ्या कुटुंबासाठी औषध सापडलं आणि औषध मिळालं यात मोठी दरी आहे. ती कशी बुजवायची याचा एक प्रयत्न आपल्या मुंबईतच झालाय. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर एक चाचणी केली. नेहमीच्या कमी खर्चाच्या गोळ्यांसोबत काही जणांना निवोलुमॅब हे पीडी-१ रोखणारं औषध दिलं, पण फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीच्या डोसचा हा दहावा हिस्साही नाही. एका वर्षानंतर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के जिवंत होते, तर हा छोटा डोस मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. २०२२ मध्येच हे निकाल ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी’त छापून आले.

कॅन्सर वेगळा, पेशंट वेगळे. त्यामुळे गुदाशयाच्या कॅन्सरमध्येही छोटा डोस पुरेल, असं यावरून म्हणता येणार नाही. त्यासाठी वेगळी चाचणी हवी. पण ‘किती औषध खरंच लागतं?’ हा प्रश्न औषध विकणारी कंपनी स्वतःहून कशाला विचारेल? तो आपल्यासारख्या देशातल्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांनाच विचारावा लागतो. मेमोरियल स्लोन केटरिंगची बातमी आपल्या ग्रुपवर फिरली. त्याच वर्षीची परळची बातमी किती जणांच्या ग्रुपवर आली होती?

मग आपण काय करायचं?

तीन गोष्टी. कुठलंही औषध न घेता करण्यासारख्या.

पहिली: शौचातून रक्त जात असेल तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसू नका. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, हे खरं. पण ते तपासून ठरवायचं असतं, एसटी स्टँडबाहेरच्या ‘बिना ऑपरेशन मूळव्याध बरी’ या पाटीवरून नाही. आठवड्यांमागून आठवडे रक्त, शौचाच्या सवयीत बदल, पोट साफ झाल्यासारखं न वाटणं, कारण नसताना वजन आणि हिमोग्लोबिन कमी होणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा. खालच्या बाजूच्या बऱ्याच गाठी डॉक्टरांच्या बोटाच्या तपासणीत हाताला लागतात. लाजेपायी आपण तीच टाळतो. आणि ‘मी तर अजून चाळिशीचाही नाही’ ही सबब आता चालत नाही. अनेक देशांत पन्नाशीच्या आतल्या लोकांमध्ये हा कॅन्सर वाढतोय.

दुसरी: घरात कुणाला आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर निघाला असेल तर उपचार सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारा. “डॉक्टर, गाठीची एमएमआर किंवा एमएसआय तपासणी झाली आहे का?” बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर ही तपासणी होते. औषधाच्या मानाने तिचा खर्च किरकोळ आहे. बिघाड नाही असा रिपोर्ट आला तर नेहमीचा उपचारच योग्य, आणि त्या मेसेजची रुखरुखही राहणार नाही. बिघाड निघाला तर पुढची चर्चाच वेगळी होईल.

तिसरी: घराण्यात आतड्याचे किंवा गर्भाशयाचे कॅन्सर पुन्हा पुन्हा, तेही कमी वयात झाले असतील तर कुणाला, कुठल्या वयात, कशाचा झाला हे एका कागदावर लिहून काढा. अशा माहितीसाठी आजी-आत्यांसारखं दुसरं दप्तर नाही. तो कागद डॉक्टरांना दाखवा.

जगात २०२२ या एकाच वर्षात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे १९ लाखांहून जास्त नवे पेशंट सापडले आणि सुमारे ९ लाख माणसं गेली. न्यूयॉर्कच्या त्या औषधाने यातल्या थोड्याच लोकांचं नशीब बदलेल. पण त्या थोड्यांमध्ये आपला माणूस आहे की नाही, हे फक्त तपासणीने कळतं. पुढच्या वेळी तो मेसेज आला तर त्याखाली एवढी एक ओळ जोडून पाठवा.